उपाशी तीन वाफे

चंपाबाईंना आयुष्यात एकच गोष्ट जमली नाही, ती म्हणजे कुणाला उपाशी बघणं. दारात कुत्रं आलं तरी आधी भाकर, मग हाड्. आणि ह्याच बाईच्या शेतात, कार्ले गावाच्या रस्त्याला अगदी लागून, भाताचे तीन वाफे पिवळेजर्द!

वाफे एकूण बारा, आणि बाराही लेकीचे. लेक अमृता पुण्याला शेतकी कॉलेजात, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. तिच्याबरोबरची पोरं कुणी बँकेत कृषी अधिकारी झाली, कुणी खतांच्या कंपनीत चिकटली, कुणी अजून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उशाला घेऊन झोपतात. अमृताला मात्र भातावरच काम करायचं होतं. एका बियाण्याच्या कंपनीनं तिला तसली नोकरी देऊही केली होती. अट एकच, जूनपर्यंत पदवी हातात हवी. पदवी ह्या बारा वाफ्यांच्या प्रयोगावर, आणि इथं भात वर्षातून एकदाच!

लावणी झाल्यावर अमृतानं वाफ्यावाफ्यात पाटी रोवली आणि आईला बजावलं, "खत मी मोजून घालणार. तू फक्त पाणी बघ. आणि ह्या तीन वाफ्यांना काही म्हणजे काही द्यायचं नाही."

"बरं बाई," चंपाबाई म्हणाल्या. म्हणायला काय जातंय!

पण रोज बघायचं कुणी? त्यांनीच ना! नऊ वाफे तरारलेले आणि मधेच हे तीन मरतुकडे. एका पंगतीत नऊ जणांना वाढायचं आणि तिघांच्या पुढं रिकामी पत्रावळ ठेवायची, असला कसला प्रयोग? तरी त्यांनी दम धरला. मग एक दिवस कामशेतच्या बाजाराला निघालेली शेजारची सरुबाई बांधावर थांबली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "चंपे, लेक शेतकीचं एवढं शिकली, आन् भाताला कावीळ?"

झालं! चंपाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अमृता परीक्षेमुळं तीन आठवडे येणार नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी घमेल्यात युरिया घेतला आणि तिन्ही वाफ्यांना घातला. चार मुठी जास्तच पडल्या, लाडानं. दहा-बारा दिवसांत वाफे असे हिरवेगार झाले की सरुबाई मान खाली घालून जायला लागली. चंपाबाई नुसत्या मनात हसायच्या. पोरीची अब्रू वाचवली की नाही!

आणि मग अमृता आली, सोबत तिच्या गाईड माधवी मॅडम. चंपाबाईंनी पोहे झाकून ठेवले आणि शाबासकी ऐकायला लगबगीनं बांधावर गेल्या.

अमृता पहिल्या वाफ्यापाशी उभी होती. हललीच नाही. मग दुसऱ्याकडे गेली, तिसऱ्याकडे जवळजवळ धावत गेली. परत फिरली तेव्हा तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. अगं बाई, पोरीला पान लागलं, साप डसला की काय, चंपाबाईंना वाटलं.

मॅडमनी पानाला रंग मोजायची पट्टी लावली. "अमृता, पाट्या बदलल्यास?"

"नाही मॅडम."

"मग बिनखताचा वाफा सगळ्यांत हिरवा कसा? तुझ्या वहीत तर तो पिवळा लिहिलाय. खरं काय ते सांग. हे असलं मी खपवून घेणार नाही."

लेकीला कुणीतरी चोर म्हणतंय, एवढंच चंपाबाईंना कळलं.

"तिला कशापायी बोलता? युरिया म्या घातला. तिला ठाव बी न्हाई."

रस्त्यावरून बस गेली, हॉर्न देत. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "गेला गं प्रयोग. आता पुढच्या पावसाळ्यात परत मांडायचा."

"आनि नोकरी?" चंपाबाईंनी विचारलं. त्या मटकन बांधावर बसल्या.

"गेली!" अमृता ओरडली. "आई, ते उपाशीच राहायला हवे होते!"

"उपाशी ठेवायला शिकवत्यात व्हय तुमच्या कॉलेजात?"

"तीनच! उपाशी वाफ्यात पीक किती येतं ते मोजल्याशिवाय बाकीच्या नऊंना घातलेलं खत कितपत लागू पडलं, ते कळणार कसं? तू, मी, सगळा मावळ अंदाजानंच मुठी टाकतो ना!"

चंपाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. एवढंच होतं? हे तर भाजीत मीठ घालायच्या आधी चव घेण्यासारखं! स्वयंपाकघरात उभी हयात घालवलेल्या बाईला हे कळलं नसतं?

"आगं, मंग हे मला आदी का न्हाई सांगितलंस?"

कॉलेजात साठ जणांपुढं अमृतानं हे तासभर समजावलं होतं, पडद्यावर चित्रं दाखवून. चावडीवर शेतकऱ्यांच्या बैठकीत दोनदा सांगितलं होतं, तेव्हा चंपाबाई मागं चहा करत होत्या. आईला ती इतकंच म्हणाली होती, द्यायचं नाही.

मॅडमनी पट्टी पिशवीत टाकली आणि दुसरीकडं बघितलं.

"फुडल्या साली परत मांड," चंपाबाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "ह्या तिघांना उपाशी म्या ठेवते. सरू येऊ दे न्हाईतर तिचा बाप. पर मला समदं सांगायचं. ह्या पाटीवर काय लिवलंय, हितनं सुरू कर."

अमृता चिखलात आईशेजारी बसली आणि पहिली पाटी वाचायला लागली.