दर दोन तासांनी कूस

"खिडकी उघड आधी. सगळी उघड," सिस्टरनं लेकीला सांगितलं. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सासऱ्यांच्या उजव्या खुब्याखाली तिनं हात घातला. तो ओला बाहेर आला. तिनं तो नाकाजवळ नेला. एकोणीस वर्षं वॉर्डात काढली, असल्या वासाला तिनं कधी नाक मुरडलं नव्हतं. आज स्वतःच्या घरात तिला शिसारी आली.

"अप्पांची कूस कधी बदललीत?"

"आई, तक्त्यावर आहे ना सगळं!"

तक्ता फ्रिजवर होता. चार महिन्यांपूर्वी अप्पांना पक्षाघात झाला, तेव्हा घरात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. मग सिस्टरनंच वॉर्डातल्यासारखा हा तक्ता आखला. पाणी, फळं, फिरणं, रात्री मोबाइल बंद, आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत अप्पांची कूस, दर दोन तासांनी. काम करणाऱ्यानं चौकोनात खूण करायची. नवऱ्यानं तक्त्याचा फोटो त्याच्या चष्म्याच्या दुकानातल्या सगळ्यांना पाठवला. नणंद म्हणाली, घर असावं तर असं. सिस्टरनं ते कौतुक मिटक्या मारत ऐकलं होतं, खोटं कशाला बोला.

शनिवारपासून वॉर्डात माणसं कमी होती आणि तिला रोज डबल ड्युटी लागली होती. घरी यायचं, फ्रिजवर एक नजर टाकायची, सगळ्या खुणा जागेवर दिसल्या की आडवं व्हायचं. आज ती पहिल्यांदाच वेळेवर परतली होती.

फ्रिजशेजारच्या टोपलीत केळी काळी पडून पाझरत होती आणि त्यांच्यावर चिलटं घोंगावत होती. तक्त्यात मात्र फळांचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत भरलेला. वरून कीर्तन, आतून तमाशा. तिनं खाली कुशीच्या रकान्याकडे पाहिलं. साऱ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच बाजूला झुकलेल्या, एका दमात मारलेल्या. आज रात्री आठच्या चौकोनातही खूण होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा वाजले होते.

"हे कुणी केलं?"

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "अगं, सकाळी सगळ्यांची पळापळ असते. म्हणून मी दिवसभराच्या खुणा आधीच मारून ठेवतो. कामं काय, होतातच."

"कोण करतं?"

"ही करते की दुपारी."

"मी?" लेक म्हणाली. "मला वाटलं, बाबाच करून जातात. डायपर बदलताना थोडं उचलतो आम्ही, मग परत तसंच टेकवतो."

"जनाची नाही तर मनाची तरी…" सिस्टरनं तोंड उघडलं.

"तूच सांगितलं होतंस," नवरा खालच्या आवाजात म्हणाला. "इथंच जेवताना. कागद पूर्ण लागतो, पाठ कुणी बघत नाही."

खरं होतं. सांगितलं होतं, आणि हसत हसत सांगितलं होतं. वॉर्डात ड्युटीवर आल्या आल्या, चहा यायच्या आत, ती बारा तासांच्या खुणा मारून मोकळी व्हायची. नव्या मुलींनाही तिनं तेच शिकवलं. त्या कागदांमागे किती पाठी होत्या, ते तिनं कधी मोजलं नव्हतं. आता तिला त्या केळ्यांची किळस आली, नवऱ्याची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची आली.

तिनं हात धुतले, हातमोजे चढवले आणि ड्रेसिंगचं सामान घेऊन ती अप्पांकडे गेली.

अप्पांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. मनगटावर घड्याळ नसलं तरी दोन तास कधी झाले, ते त्यांना कळायचं.

"अप्पा, तुम्ही बोलला का नाही?"

"पोरं दमतात गं." त्यांची जीभ अजून जड होती. "तू तर मेल्यासारखी येतेस. म्हटलं, आता येतील. मग म्हटलं, पुढच्या दोन तासांनी येतील."

"दुखत नव्हतं?"

"दुखायचं. मग दुखायचं थांबलं."

दुखायचं थांबलं म्हणजे तिथलं मांस मेलं, हे तिला ठाऊक होतं. तिनं नवऱ्याला हाक मारली. त्यानं खांद्याला धरलं, तिनं कमरेला, आणि दोघांनी त्यांना सावकाश दुसऱ्या कुशीवर, खिडकीकडे वळवलं. खुब्याला चिकटलेली चादर तिनं भिजवून भिजवून सोडवली. खाली बाटलीच्या बुचाएवढी जखम होती, कडेनं काळी. नवऱ्यानं मान फिरवली.

"बघ," ती म्हणाली. "नीट बघ."

त्यानं पाहिलं. तिनं जखम धुतली, पट्टी बांधली, गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवली. एवढा वेळ अप्पा उघड्या खिडकीतून बाहेर बघत होते.

"समोरच्या गच्चीवरची निळी टाकी कुठं गेली?" त्यांनी विचारलं. "कधी काढली?"

सिस्टरनं मान वर केली. टाकीच्या जागी नुसता गोल डाग उरला होता, तोही वाळलेला. ती कधी काढली, तिला माहीत नव्हतं.

"शनिवारी," दारातून लेक म्हणाली.

आज गुरुवार होता.