बापाच्या नावाचं रक्त

सरूची पहिली दोन मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत गेली. दोघांचं सारखंच झालं. आधी अंगावर चट्टे, मग डोक्यावरचे केस विरळ, मग झटके. भगताने कोंबडं घेतलं, दवाखान्याने सलाइन लावलं, आणि शेवटी दोघांनीही हात टेकले. तिसरी दिपिका. तिच्या मानेवर तसेच चट्टे उठले तेव्हा सरू माझ्या अंगणवाडीच्या दारात येऊन बसली आणि उठेचना.

"बाय, हीसुद्धा जाल का?" एवढंच ती विचारत होती.

मी साखरशेतच्या मास्तरांची मुलगी, वांगणीला अंगणवाडी चालवते. खिचडी शिजवायची, वजनं करायची, वरच्यांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कुठून असणार? पण डॉक्टर हर्षदा तेव्हा मुंबईच्या एका संशोधन संस्थेतून जीप घेऊन आमच्याकडे येत असत. ज्या घरांत अशी मुलं दगावतात, त्या घरांचं रक्त त्या गोळा करत होत्या. मी सरूला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं.

बाईंनी समजावून सांगितलं. मुलाला एक तुकडा आईकडून मिळतो, एक बापाकडून. दोन्हीकडून सारखाच बिघडलेला तुकडा आला की मूल आजारी पडतं. असे तुकडे लाखोंनी असतात. माणूस शोधत बसला तर जन्म जाईल, म्हणून आई, बाप आणि मूल तिघांचं रक्त तपासून कॉम्प्युटर ते जुळवून बघतो. बिघाड कुठला ते कळलं तर कधी कधी साध्या गोळीवर भागतं. पण गोळी कुठली, ते कळल्याशिवाय द्यायची कशी?

मी सरूला माझ्या भाषेत सांगितलं, "तांदळातला खडा शोधायचाय ग, फक्त सूप मुंबईला आहे." ती हसली. त्या वर्षात तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

रक्त घ्यायचा दिवस नेमका माझ्या जव्हारच्या मिटिंगचा निघाला. बाईंबरोबरची मुंबईची नर्स नावं पुकारत होती. सरूचं रक्त झालं, दिपिकाचं झालं, मग तिने "ढवळू" असा पुकारा केला. ढवळू, म्हणजे सरूचा नवरा, दिवाळीनंतरच भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला होता. त्याचा धाकटा भाऊ फागू पुढे झाला, "हाजर" म्हणाला आणि दंड पुढे केला.

हे मला कितीतरी नंतर कळलं, पण यात लबाडी काही नव्हती. आमच्या पाड्यावर असंच चालतं. रस्त्याच्या कामावर ढवळूचं नाव आलं तर फागू उभा राहतो. फागू तापाने पडला तर ढवळू त्याच्या वाटची खडी फोडतो. घरातला एक माणूस आला म्हणजे घर आलं. फागूला तर त्या दिवशी मोठं काम केल्यासारखं वाटलं. सुईला घाबरणारा गडी, पुतणीसाठी डोळे मिटून बसला होता.

मग नुसती वाट पाहणं सुरू झालं. दिपिकाचे केस गेले. माघात पहिला झटका आला. होळीला ढवळू घरी आला, चार दिवस पोरीला मांडीवर घेऊन बसला आणि मुकादमाने हाक मारल्यावर परत गेला. त्याच आठवड्यात डॉक्टरबाई जव्हारला होत्या. मी मुद्दाम जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, "या घराचं जरा जुळत नाहीये. बघू." आणि माझी नजर चुकवली. मला वाटलं, मशीन बिघडली असेल. सरकारी वजनकाट्याची सवय असलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

वैशाखात दिपिकाला दिवसातून कितीदा झटके येऊ लागले, त्याची मोजदाद आम्ही सोडून दिली. जीप जव्हारला आल्याचं कळलं तशी सरू पोरीला पाठीशी बांधून निघाली, मागून मी. बाई दवाखान्याच्या व्हरांड्यात चहा घेत होत्या. सरूने सरळ त्यांचा हात धरला. आमच्याकडे देवाला तू म्हणतात, डॉक्टरलाही तूच.

"तू रगत नेला, तां तुझा मशीन काय बोलला? मरल तर मरल सांग, पन सांग!"

बाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता. हळूच म्हणाल्या, "कसं सांगू? कॉम्प्युटर म्हणतो, ढवळू या मुलीचा बाप नाही. तिचा संसार मोडायला नको, म्हणून मी गप्प बसले. ते कुटुंब अभ्यासातून बाजूला काढलं."

सरूला सांगणं भाग होतं, मी सांगितलं. ती भर व्हरांड्यात किंचाळली, "अगो, तां रगत ढवळूचा नव्हता! तां फागूना दिलेला!"

बाईंनी कपबशी खाली ठेवली. "मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू इचारला कवां?"

मला त्या क्षणी बाईंचा इतका राग आला की बोलता सोय नाही. माणूस चांगलं होतं, हेच तर दुखणं. एका बाईची अब्रू झाकायला त्या गप्प बसल्या, आणि भावाच्या जागी भाऊ उभा राहण्याच्या ज्या गोष्टीची इथे कुणालाच लाज नव्हती तिच्यावर पांघरूण घालून ठेवलं. होळीला बाप घरी, डॉक्टर जव्हारला, मध्ये एक एसटी. एक शब्द बोलायचा होता. फागूवर मी रागावू शकत नव्हते. तो तर त्या दिवसापासून जेवेना.

त्यानेच भावाला शोधून आणलं. कुठल्या भट्टीवर ते कुणाला धड माहीत नव्हतं. मुकादमाने मधेच माणसं हलवली होती. भट्टीमागून भट्टी विचारत फागू फिरला आणि ढवळूला अंगावरच्या मातीसकट घेऊन आला. ढवळू गाडीतून उतरला तो सरळ बाईंसमोर जाऊन बसला. "सगळा घे," म्हणाला.

मृगाचा पाऊस लागला, रस्ता वाहून गेला, भात लावून झाला. दिपिका चेंदलेल्या पाल्यासारखी पडून असायची. सरू तिच्या तोंडात चमच्याने पेज घालायची आणि निम्मी पेज गालावरून ओघळायची. मी रोज जायचे आणि रोज वाटायचं, आज दाराशीच कळणार.

पोळ्याच्या सुमारास बाई गुडघाभर चिखल तुडवत पाड्यावर आल्या. बिघाड सापडला होता. शरीराला लागणारं एक जीवनसत्त्व या मुलांना वापरताच येत नाही. ते रोज वरून द्यायचं, जन्मभर. एवढीशी पांढरी गोळी, मुंबईत कुठल्याही दुकानात मिळणारी. सरूने ती तळहातावर घेतली. तिची आधीची दोन मुलं या गोळीवाचून गेली होती, आणि ते तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

गोळी लागू पडली. आठवड्यात झटके थांबले. चट्टे सुकले, टाळूवर काळी लव आली. नवरात्रात दिपिका भिंतीला धरून उभी राहिली. ढवळू यंदा भट्टीवर जाणार नाही म्हणाला, फागू जेवायला लागला. मीही खुळ्यासारखी रडले.

बाई तिला बघायला आल्या. अंगणात आमच्याकडे पाठ करून दिपिका बोटाने माती उकरत होती. बाईंनी कौतुकाने हाक मारली, "दिपिका!" तिने वळून पाहिलं नाही. त्यांनी जोरात हाक मारली. मग तिच्या मागे जाऊन टाळी वाजवली. पोर माती उकरत राहिली.

"औषध उशिरा मिळालं की या आजारात कान जातात," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "गेलेले परत येत नाहीत. कधीपासून असं आहे?"

सरूला सगळं आधीच कळलेलं होतं. ती पुढे जाऊन पोरीच्या समोर बसली, तिला आपला चेहरा दिसेल अशी. मग शांतपणे म्हणाली, "होळीला ढोल वाजला तवां दचकली होती बाय. तवां आयकत होती."