मैलापूरच्या विमानपेटीची कैफियत

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. या घरात मला चिंचेची पेटी म्हणतात आणि ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मित्रांनो, मी विमानाची पेटी आहे.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. मद्रासच्या मैलापुरात अनंतकृष्णराव हा तंजावरकडचा मराठी गृहस्थ राहत असे. दिवसा तो मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात नकाशे काढी आणि घरी आला की विमान बांधी. विमान म्हणजे खेळणं नव्हे. आठ फुटी पंखांचं, इंजिनावाचून वाऱ्यावर तरंगणारं, हलक्या काड्यांवर पातळ कागद ताणून केलेलं. इंग्लंडात अशा विमानांची स्पर्धा होती. ज्याला स्वतः जाणं परवडत नसेल त्यानं नुसतं विमान धाडावं, तिथला कुणी ते उडवील, अशी सोय होती. दोन वर्षं या माणसानं ना सण पाहिला ना सिनेमा. त्याचा सारा जीव त्या एका उड्डाणात होता.

विमान सुखरूप पोचावं म्हणून त्यानं मला करवून घेतलं. पंखांच्या मापाच्या खाचा, खाचांना नमद्याचं मऊ लोकरी अस्तर आणि पंखांभोवती सगळीकडे वीतभर मोकळी जागा. एवढी जागा कशाला, असं सुतारानं विचारलं. तो म्हणाला, "कागदाला काही टेकता कामा नये. ती जागाच विमान सांभाळील." तेव्हा मला माझाच अभिमान वाटला होता.

निघायच्या दिवशी विमान माझ्यात निजलं. सुतार झाकण लावणार, तोच अलमेलूआत्या पुढे आली. अनंतकृष्णला तिनंच वाढवलं होतं.

"राहुकाळ लागला की रे अनंता. या अशुभ वेळी झाकण नको. तू लॉरी घेऊन ये, सरी?" सरी म्हणजे तिचं तमिळ 'बरं'.

आत्याचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. तो सायकलवरून गेला आणि मी उघडी राहिले. आत्या माझ्यात डोकावली.

"एवढी जागा रिकामीच जाणार लंडनला? तिथं आमच्या नात्यातला वादिराज लोणच्यावाचून जेवतो. विमान बघायला येईल तेव्हा नेईल."

आणि तिनं मिठाच्या पाण्यात मुरलेल्या बाळकैऱ्यांची बरणी माझ्यात कोंबली! शेजारच्या विमलानं आपल्या विलायतेतल्या भावासाठी सांबाराच्या पुडीचा डबा आणला. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. राहुकाळ सरताच आत्यानं झाकण घट्ट बसवून घेतलं. लॉरी घेऊन आलेल्या अनंतकृष्णनं तयार पेटी पाहिली आणि कौतुकानं आत्याला नमस्कार केला. मला वाचा असती तर तिथंच सगळं ओकले असते.

जहाजाच्या तळघरातल्या उकाड्यात लोणचं फसफसलं, बरणीचं फडकं सुटलं आणि खारं पाणी पंखांवर झिरपत राहिलं. मैदानावर एका साहेबानं मला उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. बिचाऱ्यानं पंख उन्हात वाळवले, नवा कागद चिकटवला. पण आतल्या काड्या भिजून वाकल्या होत्या. दोरीनं वर ओढताच उजवा पंख दुमडला आणि विमान गवतात कोसळलं. बघायला आलेला वादिराज उरलेलं लोणचं घेऊन गेला.

काही महिन्यांनी मी परत आले. अनंतकृष्णनं मला उघडलं, वास घेतला, मोडका पंख हातात घेतला. आत्यानं दारातूनच विचारलं, "वादिराजला लोणचं पोचलं ना रे?"

त्यानं पंख परत माझ्यात ठेवला. मग म्हणाला, "पोचलं, आत्या. विमान नाही पोचलं."

आत्याला रडू आलं. पण तिच्या रडण्यानं काय व्हायचं होतं? त्यानं पुन्हा विमान बांधलं नाही. माझ्या खाचांच्या पट्ट्या उपटून माझ्यात चिंच भरली गेली.

मित्रांनो, कुणी जपून मोकळी ठेवलेली जागा दिसली, तर ती वाया चालली आहे असं समजू नका. आधी त्याला विचारा. विचारायला कसला आला आहे राहुकाळ?