उशीवरची पुस्तकं

ती गोष्ट एकोणीसशे नव्याण्णवची. आमच्या मुलाला, आमोदला, त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीनं न्यू जर्सीला पाठवलं होतं. सहा महिन्यांचा म्हटलेला मुक्काम लांबतच चालला होता. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं, सून पद्मजा आणि दीड वर्षाची ओवी.

आमच्या घरात अवघड गोष्ट तोंडानं बोलायची पद्धत नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी रुसले, तेव्हा ह्यांनी माझ्या उशीवर एक कादंबरी ठेवली, मध्ये बसचं तिकीट खुणेला घालून. त्या पानावरचा नवरा माफी मागत होता. पुढे मीही तसंच करू लागले. आमोदला इंजिनिअरिंगला जायचं नाही, हे आम्हाला त्यानं टेबलावर ठेवलेल्या एका चित्रकाराच्या चरित्रावरून कळलं. गेला मात्र इंजिनिअरिंगलाच.

पद्मजा अकोल्याची. रहस्यकथा आणि प्रवासवर्णनं हा तिचा खुराक. त्या श्रावणात मात्र ती वाचनालयातून वेगळंच काही आणू लागली. आधी आईपणावरचे लेख. मग मूल सासूजवळ ठेवून घर सोडणाऱ्या बाईची कादंबरी. मग मोडलेल्या संसारांच्या मुलाखती. सगळी पुस्तकं दिवाणखान्यात, मला दिसतील अशी. रविवारी आमोदचा फोन आला की ती वायर ओढत फोन आत न्यायची आणि डोळे पुसून बाहेर यायची.

"अहो, ही जाणार," मी ह्यांना म्हणाले.

"कुठे? वाण्याकडे?"

"माहेरी. ओवीला घेऊन. वाचतेय काय बघा जरा."

"वाचून माणसं निघाली असती, तर माझा इतिहासाचा अख्खा वर्ग पानिपतावर गेला असता."

मला हसू आलं नाही. रात्री उठून ओवी जागेवर आहे ना, ते बघायचे. शेवटी मीही एक कादंबरी शोधली. त्यातली सून माहेरी जाते आणि शेवटी आपल्या घरी परतते. परतायच्या पानात खूण घातली आणि पुस्तक पद्मजाच्या उशीवर ठेवलं.

दोन दिवस ती ते पुस्तक वाचत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर पलंगावर बॅग उघडी आणि ती ओवीचे फ्रॉक भरत होती. मी दाराची चौकट धरली.

"कुठे निघालीस?"

"तुम्हीच सांगितलं ना, आई."

"मी? कधी?"

"पुस्तकात. सासू सुनेला म्हणते, माहेरी जाऊन राहा. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, आमच्याकडे पुस्तक म्हणजे निरोप असतो."

"अगं, ते सुरुवातीला! खूण पुढे होती, ती परत येते तिथे!"

"मी पहिल्या पानापासून वाचते, बाप्पा. तुमच्यासारखं मधूनच नाही."

"मग तुझी ती पुस्तकं? तो निरोप नव्हता?"

"निरोप कसला? मला औंधच्या एका कंपनीत नोकरी लागतेय. ओवीला सोडून जावं की नाही, कळत नव्हतं. आमोद परत यायचं नावच काढत नाही. विचारू कोणाला? अकोल्यात आमच्या घरी भांडण तरी होते. इथे सारे चूप!"

मी पलंगावर बॅगेशेजारी बसले. कुठल्याच पुस्तकातलं वाक्य आठवेना.

"नोकरीवर जा," मी कशीबशी म्हणाले. "ओवीला मी सांभाळते. पण घर सोडून जाऊ नकोस."

तिच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला. "आमोद आला नाही, तरी?"

ह्या प्रश्नाला मी महिनाभर घाबरत होते.

"तरी," मी म्हणाले.

आमोद आला तो दोन वर्षांनी, घटस्फोटाच्या सह्यांना. त्यानं तिकडे दुसरं लग्न केलं. दिवाळीला फोन करतो. हे त्याच्याशी शेवटपर्यंत फक्त तिथल्या थंडीबद्दल बोलत. दोन हजार आठमध्ये हे गेले. ओवी बंगळुरात असते, पगार माझ्या पेन्शनच्या कितीतरी पट, आणि लग्नाचा विषय काढला की फोन ठेवते. पद्मजा इथेच आहे. मोठी साहेबीण झाली, केस पिकले. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन तिनंच ठरवलं, मला न विचारता. दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "आपण पेशंटच्या कोण?"

"सून," पद्मजा म्हणाली.