बसवलं त्यानेच उठवायचं

पाळणाघरात मारायचं नाही, ओरडायचं नाही आणि कोंडायचं तर मुळीच नाही. चावलं, ओरबाडलं, कुणाच्या डोक्यात ठोकळा घातला, की खिडकीखालच्या निळ्या चटईवर बसायचं. वय जितक्या वर्षांचं तितकी मिनिटं. आणि ज्याने बसवलं त्यानेच उठवायचं. नाहीतर पोरं भलती हुशार, एकीने बसवलं की दुसरीकडे बघून ओठ काढतात. अकरा वर्षांपूर्वी हा नियम ताईनेच घातला होता. तिथे तिला लहानथोर सगळेच ताई म्हणत, आणि तिचा नियम आता सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता.

त्या दिवशी तिने मिरचीला बसवलं. नाव अर्थात वेगळं होतं. पण ही तीन वर्षांची मुलगी आत आली की खोलीत ठसका उठायचा, म्हणून मिरची. मनोरा कुणी पाडला यावरून तिने शेजारच्या मुलाच्या दंडाला असा चावा घेतला होता की दात मोजून घ्यावेत. आठवड्यातला तिसरा.

"चावायचं नाही. तीन मिनिटं बसायचं. मी उठवीन तेव्हा उठायचं," ताई म्हणाली.

मिरची फुरंगटून बसली. तेवढ्यात दादाचा फोन आला. आईला जाऊन महिना झाला होता आणि तो तिचं कपाट रिकामं करत होता.

"चष्मे तीन निघालेत. ठेवायचे की देऊन टाकायचे?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय. माझा नंबर वेगळा आहे."

हा त्याचा विनोद होता. मग तो नुसताच नाक ओढत राहिला, आणि ताई मागच्या पायरीवर फोन कानाला धरून उभी राहिली.

आईने कधी हात उगारला नव्हता. आई अबोला धरायची. चूक झाली की ती मुलीकडे बघायचंच थांबवायची, जणू घरात ती मुलगी नाहीच. कधी एक दिवस, कधी चार. मग ताट वाढून म्हणायची, "जेव." ते तिनेच म्हणायचं असे, वडिलांची मध्यस्थी चालत नसे. शेवटचा अबोला ताई सुट्टीत आईकडे राहायला गेली नाही म्हणून होता. साधीच गोष्ट. तो मिटायच्या आत आई दवाखान्यात गेली, आणि तिथे तिची वाचाच गेली.

फोन ठेवला तर तान्ह्यांच्या खोलीतून हाक आली. दोघं एकदम रडत होती. दूध, लंगोट, थोपटणं. ती परत आली तोवर मोठी मुलं जेवून निजली होती.

मिरची चटईवर होती. मांडी तशीच घातलेली. चटई ओली.

"मावशी, तुम्ही उठवलं नाहीत?"

स्वयंपाकाच्या मावशी ताटं घासता घासता थांबल्या. "मी कशी उठवू? नियम तुमचा. ताट पुढ्यात धरलं तर मान हलवली पोरीने. मला वाटलं, आज ताईंना चांगलाच धडा शिकवायचाय."

पन्नास मिनिटं झाली होती. ताईने तिला धुतलं, कोरडे कपडे घातले. "चुकले मी," ती म्हणाली. "तुला विसरले." मिरची ओठ मिटून तिच्या खांद्यापलीकडे बघत राहिली. तसं बघणं ताईच्या चांगलं ओळखीचं होतं.

पाळणाघर ज्यांचं होतं त्या मोठ्या बाईंनी दार लोटून घेतलं. "पाणी सांडलं म्हणून कपडे बदलले, एवढंच सांग. चार घरी बभ्रा झाला तर तुला ठेवणं मला जड जाईल."

"मी खरं सांगणार आहे."

"नोकरी घालवून पोरीची पन्नास मिनिटं परत येणारेत का?"

ताई ओली चटई धुवायला घेऊन गेली.

संध्याकाळी मिरचीचे वडील आले. ताईने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फोनचं सांगितलं नाही, आईचंही नाही. ती सबब झाली असती. मोठ्या बाई भिंतीवरची चित्रं सारखी करत होत्या.

"पन्नास मिनिटं?" वडील म्हणाले. "आणि उठली नाही?"

"नाही."

"रडली?"

"नाही."

"कमाल आहे. आमच्याकडे पाच मिनिटं टिकत नाही." त्यांचा चेहरा चक्क उजळला होता. ते मोठ्या बाईंकडे वळले. "हिला या ताईंकडेच ठेवा हं. बाकीच्या फार लाड करतात."

मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला.

"ती शिक्षा नव्हती," ताई म्हणाली. "माझी चूक होती. घरी असं करू नका."

"अहो ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. चल गं, ताईंना टाटा कर."

मिरचीने सांगितल्याबरोबर हात हलवला. उघड्या दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याच्या आत थांबली. वडील बाहेर पडले तरी ती तिथेच, ताईकडे तोंड करून.

"बघा, कशी सुतासारखी सरळ झाली," वडील कौतुकाने म्हणाले.

ताई तिच्यासमोर उकिडवी बसली. मग ती "जा, बाळा" म्हणाली, तेव्हा मिरचीने बाहेर पाऊल टाकलं.