शून्यावा महिना

माझा नवरा हर्षित बोईसरला वेबसाइट बनवतो. छापील पत्रिका म्हणे जुनाट, म्हणून त्याने आमच्या लग्नाचं वेबपेज बनवून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. लगेच उमरोळीहून शैलाआत्याचा फोन आला. "लग्न पुढे ढकललं काय गो? यात तर दहा जून लिवलंय!"

लग्न होतं दहा मेला. बाबांनी तडक हर्षितला फोन लावला. "जावईबापू, जूनमध्ये आपलं आख्खं एडवण गाव भातपेरणीत असते. मांडवात तुमी एकटेच नाचणार काय?"

हर्षित धावतच आमच्या घरी आला. "वेबपेज ज्या भाषेत लिहितात, त्या जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात," तो समजावू लागला. "जानेवारी म्हणजे शून्य. मी मेसाठी पाच लिहिलं, तर त्याने जून धरला."

"म्हणजे पहिला महिना शून्य?" मी विचारलं.

"अगदी बरोबर!" तो खूश झाला. इतक्या लवकर म्हणे हे कुणालाच कळत नाही.

"मग लग्नानंतरचा पहिला महिना माझ्या हिशेबात शून्य. मी रांधणार एक नंबरच्या महिन्यापासून, तोवर स्वयंपाक तू करायचा."

बाबा खो खो हसले. हर्षितने गुपचूप तारीख दुरुस्त केली.

मांदेली आता तो झकास तळतो. महिना अजून शून्यच चाललाय.