घोड्याचा कौल

गुणाजीने मालनच्या वेणीतली अबोलीची दोन फुलं न विचारता खुडली, पाण्यात बुडवली आणि दुकानातल्या लाकडी डुलत्या घोड्याच्या दोन्ही कानांवर एकेक चिकटवली.

"आजोबा, घोडा घ्यायचाय ना?" दुकानदार नंदकिशोरने विचारलं.

"ताच इचारतंय."

मालनने कपाळाला हात लावला. मुलुंडच्या त्या दुकानात आल्यापासून नवऱ्याने घोड्याच्या पोटावर टिचक्या मारल्या होत्या, शेपटी ओढून पाहिली होती आणि बैल घेताना बघतात तसे त्याचे रंगवलेले दातही पाहिले होते. कंटाळून नंदकिशोरने प्लास्टिकचा घोडा पुढे केला, तेव्हा गुणाजी म्हणाला, "ह्यो घोडो? बरणीक कान फुटले हत नुसते."

गावच्या देवाला कौल लावल्याशिवाय या माणसाने कधी काही केलं नाही. उजवीकडचं फूल आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. दोन वर्षांपूर्वी लेकीने, अनुपमाने, आपल्या पसंतीचा नवरा निवडला, तेव्हाही गुणाजी कोकणात जाऊन कौल लावून आला होता. डावा कौल मिळाला. तो लेकीच्या लग्नाला गेला नाही, आणि नंतर तिच्या घाटकोपरच्या घरीही नाही. आज तिच्या मुलाचा पहिला वाढदिवस होता. मालनने सकाळीच बजावलं होतं, मी जाणार, तुम्ही या नाहीतर राहा.

गुणाजीने हात जोडले आणि भर दुकानात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, आज ह्यो घोडो घेवन नातवाकडे जातंव. ह्येच्यार बसान पोर हसू दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मालन पुटपुटली. गाऱ्हाण्याला साथ द्यावीच लागते, मग कितीही लाज वाटो.

"पडला झडला तर सांभाळून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

दारातल्या एका गिऱ्हाइकाने चपला काढल्या. नंदकिशोरने रेडिओ बंद केला.

"आनी..." गुणाजीचा आवाज खाली गेला. "लेकीच्या मनात माझ्याइषयी काय वाकडा आसात, तर ता सरळ कर. तिना माका दारातसून परत धाडू नये रे म्हाराजा."

मालनने चमकून नवऱ्याकडे पाहिलं; साथ द्यायचं राहूनच गेलं. तेव्हा नंदकिशोर आणि ते गिऱ्हाईकच एका सुरात म्हणाले, "होय महाराजा."

सगळे घोड्याच्या कानांकडे बघत राहिले. थोड्या वेळाने डावीकडचं फूल घसरलं आणि टपकन खाली पडलं.

मालन एकटीच निघायच्या तयारीने पिशवी उचलायला वाकली.

गुणाजीने उजव्या कानावरचं फूल काढलं, धोतराच्या सोग्याने घोड्याचे दोन्ही कान पुसले आणि म्हणाला, "बांधा."

"पण आजोबा, देव नको म्हणाला ना?" नंदकिशोर चाचरला.

"त्याका इचारलंय. ऐकतलंय असा खय म्हटलंय?"

एवढंच करायचं होतं तर दोन वर्षं कशाला घालवलीत, हे मालनच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि घोड्याची शेपटीकडची बाजू उचलली.

"फुडे तुमी व्हा," ती म्हणाली. "बेल तुमीच मारा."